दार लावून विचारलेले प्रश्न

तपासनीस बाई दाराच्या बाबतीत फार कडक होत्या. मुलांशी बोलायचं ते दार लावून, एकेकट्याशी, आणि त्या वेळी संस्थेचं माणूस त्या मजल्यावरसुद्धा नको, हा नियम त्यांनीच खात्यात भांडून करून घेतला होता. त्यांच्या आधीचे तपासनीस मुलांना व्हरांड्यात ओळीने उभं करायचे, संचालकांच्या साक्षीने ‘काही तक्रार आहे का रे?’ असं विचारायचे, मुलं एका सुरात ‘नाही सर’ म्हणायची, की झाली तपासणी, मग चहा. बाईंनी तो प्रकार बंद पाडला. दाराला किल्लीचं भोक असेल तर त्या मुठीला आपली पर्स अडकवायच्या. त्यांचे साहेब चेष्टेने म्हणायचे, ‘बाई, भिंतींच्या कानातही बोळे घाला.’ बाईंना ती चेष्टा मनातून आवडायची.

त्यांच्याकडे ज्या संस्था होत्या त्या जरा वेगळ्या. ज्यांच्यापुढे आई-बापांनी हात टेकले अशी पंधरा-सोळा वर्षांची मुलं तिथे ठेवत. कुणी घरातून पळालेलं, कुणी नशेच्या नादी लागलेलं, कुणी बापावर हात उगारलेला. पाटीवर ‘निवासी उपचार केंद्र’ असं लिहिलेलं असे, पण आई-बापांच्या तोंडी नुसतं ‘तिथे’. ‘सध्या तिथे आहे तो,’ असं म्हणायचे आणि लगेच हवापाण्याचं काढायचे.

अशाच एका केंद्रात बाईंची सख्खी भाची होती. आणि ते केंद्र बाईंनीच सुचवलं होतं.

बाईंची थोरली बहीण दातांच्या कवळ्या बनवायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं कामाचं टेबल, त्यावर घासायचं यंत्र, आणि भिंतीच्या फळ्यांवर परक्या लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे ओळीने मांडलेले. नवरा मालाच्या गाडीवर. महिन्यातून चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. त्यामुळे पोरगी आईच्याच अंगावर. पोरगी हुशार, तरतरीत, आणि थापा मारण्यात अशी पटाईत की घरचे तिला थापाडीच म्हणायचे आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. लहानपणी त्याचं कौतुक झालं. साळसूद चेहऱ्याने ती अशी लोणकढी थाप मारायची की पकडणाराही हसून सोडून द्यायचा. पुढे मात्र ते अंगाशी यायला लागलं. एकदा तिने शाळेत सांगितलं की आई आजारी आहे, आता थोडेच दिवस. तीन शिक्षिका फळांची पिशवी घेऊन, डोळे पुसत घरी आल्या. दार थोरलीनेच उघडलं, धडधाकट, हाताला साच्यांचं प्लास्टर फासलेलं. तिने फळं ठेवून घेतली, कारण काय बोलावं ते तिला सुचेना.

मग पोरगी दोन दिवस गायब झाली. ‘मावशीकडे होते,’ म्हणाली. मावशी म्हणजे बाई. त्या तेव्हा थोरलीच्याच घरी, पोलिसांच्या फोनची वाट बघत बसलेल्या.

‘तू इतक्या संस्था बघतेस,’ थोरली त्या दिवशी म्हणाली. ‘एक चांगली सांग. माझ्याच्याने आता होत नाही.’

बाईंनी ह्या केंद्राचं नाव सांगितलं. ‘मी स्वतः दार लावून विचारलंय तिथल्या मुलांना,’ त्या म्हणाल्या. थोरलीने पुढे काही विचारलं नाही. धाकट्या बहिणीने दार लावून विचारलंय म्हटल्यावर राहिलं काय?

ह्याला आता आठ महिने होत आले होते. केंद्राचा नियम असा की पहिलं वर्षभर भेट नाही; रविवारी फोन, तोही शेजारी माणूस बसवून. पोरीला आत घेताना आई-बापांचीही एक शिकवणी झाली होती. मूल तक्रार करेल, रडेल, घेऊन जा म्हणेल. ते त्याचं जुनं हत्यार आहे, त्याला बळी पडायचं नाही. उत्तरात एकच वाक्य म्हणायचं, ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि तू तिथेच राहणार आहेस.’ थोरलीने ते पाठ केलं. पहिला अर्धा भाग म्हणताना तिला लाज वाटायची, त्या घरात असं कुणी कुणाला कधी बोललेलं नव्हतं. दुसरा अर्धा ती घाईघाईने उरकायची. पण तिने एकही रविवार चुकवला नाही.

आपलं माणूस जिथे असेल तिथे तपासणीला जायचं नाही, हा खात्याचा नियम. तसं असेल तर साहेबांना सांगून ते काम दुसऱ्याकडे द्यायचं. केलेली तपासणी मागाहून अशी निघाली तर अहवाल बाद. बाईंना हे कुणी सांगायला नको होतं. ह्या वर्षीची तपासणी नेमाप्रमाणे एका सहकाऱ्याकडे होती. त्याची कंबर धरली आणि तो अंथरुणाला खिळला. साहेब म्हणाले, ‘कुणीतरी जाऊन या, तारीख टळायला नको.’ बाई म्हणाल्या, ‘मी जाते.’ भाचीचं त्या बोलल्या नाहीत. मनात चोर होताच. पण आठ महिन्यांत पोर डोळ्यांनी दिसली नव्हती, आणि एकदा बघून येऊ, त्यात कुणाचं काय जातं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. केंद्राला हे नातं ठाऊक नव्हतं. आडनावं वेगळी, आणि मावशी काय करते असं प्रवेशाच्या वेळी कुणी विचारत नाही.

केंद्राची इमारत म्हणजे पूर्वीचं विश्रामगृह. शहराबाहेर, चढावर. खोल्यांना अजून जुने आकडे होते, प्रत्येक खोलीत एक हात धुवायचं भांडं, आणि खिडक्यांना नंतर बसवलेले गज. फरशी इतकी स्वच्छ की चप्पल बाहेर काढून ठेवावीशी वाटावी. संचालकांना सगळे सर म्हणत. सर म्हणजे पन्नाशीचा, सडपातळ, हळू बोलणारा माणूस. मुलांबरोबर जेवायचा, मुलांबरोबर फरशी पुसायचा, आणि हे दाखवण्यासाठी नव्हतं. बाई नसतानाही तो तसंच करायचा. बाईंना तो मनापासून पटायचा. आणखी एक सांगून ठेवतो, म्हणजे पुढे घोटाळा नको: त्या माणसाने कधी कुठल्या मुलावर हात टाकला नव्हता.

सगळ्या खोल्या, स्वयंपाकघर, औषधांचं कपाट बघून झाल्यावर बाई चादरींच्या खोलीत जाऊन बसल्या. नेहमीची जागा. दोन खुर्च्या, फळ्यांवर घड्या, साबणाचा वास. दार लावलं, मुठीला पर्स अडकवली, आणि एकेका मुलाला बोलावायला सुरुवात केली. प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. जेवण कसं आहे? झोप लागते का? कुणी मारतं का? कुणाची भीती वाटते का? आणि सुरुवातीला प्रत्येकाला तेच आश्वासन, ‘घाबरू नकोस. हे आपल्या दोघांतच राहील.’

मुलं शांतपणे उत्तरं देत होती. ह्या केंद्रातली मुलं प्रश्न नीट ऐकतात, हे बाईंनी पहिल्याच वर्षी हेरलं होतं. उत्तर देण्याआधी ती म्हणत, ‘प्रश्न पुन्हा सांगाल का, मॅडम?’ मग ओठांतल्या ओठांत तो एकदा म्हणत आणि मगच बोलत. बाकीच्या संस्थांत मुलं खिडकीबाहेर बघत बसतात, नाहीतर पायाने खुर्ची हलवत. बाईंनी आपल्या अहवालात ह्याची मुद्दाम नोंद केली होती, आणि खात्यात नवीन येणाऱ्यांनाही त्या हे उदाहरण द्यायच्या. ‘एकाग्रता बघा,’ म्हणायच्या, ‘शिस्त अशी आतून आली पाहिजे.’

भाची शेवटून तिसरी आली.

केस कापलेले. अंगाने भरलेली. ती दाराशी हात मागे बांधून उभी राहिली. बाईंनी दार लावलं, पर्स अडकवली, आणि खातं, नियम सगळं बाजूला ठेवून तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. पोरगी एक पाऊल मागे सरकली.

‘हात लावायला आधी विचारावं लागतं, मॅडम.’

बाई हसल्या. पोरीचं काहीतरी नवं नाटक, असं त्यांना वाटलं. त्या खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘कशी आहेस गं?’

‘प्रश्न पुन्हा सांगाल का?’

बाई थांबल्या. दुसऱ्यांची मुलं असं म्हणत तेव्हा त्यांना कौतुक वाटायचं. पण ही पोर त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेली. समोरच्याचं अर्धं वाक्य तोंडात असतानाच हिचं उत्तर तयार असायचं. कुणाचंही बोलणं पुरतं ऐकून घेतल्याचं हिच्या बाबतीत कुणाला आठवत नव्हतं. बाई तिच्या हसण्याची वाट बघत राहिल्या. ती हसली नाही.

‘अगं, मी विचारलं, कशी आहेस. त्यात पुन्हा काय सांगायचं?’

‘नीट लक्षात ठेवायचंय.’

‘कशाला?’

पोरगी फळीवरच्या चादरींकडे बघत बसली. मग तिने एका दमात सांगून टाकलं. ‘मावशी, तू आत्ता जे विचारशील आणि मी जे बोलेन ते सगळं मला संध्याकाळी सभेत म्हणून दाखवायचंय. शब्दन् शब्द. म्हणून जपून विचार.’

बाईंना सभा माहीत होती. रोज संध्याकाळी मुलं गोल करून बसतात आणि मनातलं बोलतात, असं सरांनी सांगितलं होतं. त्यांच्या अहवालात ते ‘गटचर्चा, नियमित’ ह्या शब्दांत आलेलं होतं.

‘सगळेच सांगतात?’

‘सगळेच. दिवसभरात जो जो कुणाशी जे बोलला ते. तू येतेस त्या दिवशी सभा लांबते.’

‘आणि एखाद्याने नाही सांगितलं तर? दार तर मी लावते.’

‘कळतं ना. ज्याच्याशी बोललो तो सभेत असेल तर सर त्यालाच विचारतात, असंच झालं का. नसला तरी कळतं. तू सगळ्यांना तेच विचारतेस, त्याच क्रमाने. एकाने एखादा प्रश्न गाळला, की पुढच्याच्या सांगण्यातून तो निघतो.’ पोरगी हे कसलाही राग न धरता, एखाद्या यंत्राची माहिती द्यावी तसं सांगत होती. ‘मग मौन मिळतं. मौन म्हणजे कुणी तुझ्याशी बोलायचं नाही, तुझ्याकडे बघायचं नाही, सर उठवेपर्यंत. मला महिनाभर होतं. मी आपली स्वतःशीच बोलायला लागले. मग तेही सभेत सांगावं लागलं.’

 बाईंना एकेक करून मागची वर्षं आठवायला लागली. एका मुलीने तेव्हा ‘भीती वाटते का’ ह्या प्रश्नावर बराच वेळ लावला होता, आणि मग ‘नाही’ म्हणाली होती. बाईंना ती विचारी वाटली होती.

‘आणि हे आत्ता मला सांगितलंस, ते?’

‘तेही सांगावं लागेल. सभेतलं बाहेरच्याला सांगायचं नसतं. मौन मिळेल.’

बाई व्यवहारी होत्या. त्यांनी डोकं चालवलं. पोरीच्या सांगण्यावरून काही लिहिलं तर पोरगी उघडी पडणार. पण तपासनिसाला संस्थेच्या कुठल्याही कार्यक्रमाला बसता येतं. आज संध्याकाळी सभेला स्वतःच बसायचं, डोळ्यांनी बघायचं, कानांनी ऐकायचं, आणि मग लिहायचं. कुणा मुलाचं नाव नको, कुणाची साक्ष नको. आठवड्याभरात ही सभा बंद करता आली असती, सगळ्या मुलांसाठी. भाचीचं नातं कुणाला कळायचं कारण नव्हतं. अट एकच, आजची संध्याकाळ पोरीने निभावून न्यायची.

‘हे बघ, आज मी सभेला बसते,’ त्या म्हणाल्या, ‘संध्याकाळी काहीतरी बनवून सांग. जेवण चांगलं, झोप लागते, एवढंच. शेवटी मी हो म्हणेन. तुला काय शिकवायचंय?’

पोरगी त्यांच्याकडे बघत राहिली. ‘मी तसं आता करत नाही, मावशी.’

‘आजच्या दिवस.’

‘मला जमतच नाही. मागे करून बघितलं होतं. तोंडात येत नाही.’

‘येईल,’ बाई म्हणाल्या. थापाडीला थाप येत नाही हे त्यांना काही केल्या खरं वाटेना. त्यांनी मुठीवरची पर्स काढली आणि दार उघडलं.

सभेला बसू का असं विचारल्यावर सरांना आनंद झाला. ‘इतक्या वर्षांत कुणी थांबलं नाही,’ ते म्हणाले. ‘आमच्या कामाचा गाभा तोच आहे, आणि तोच कुणी बघत नाही. इथे कुणाचं काही कुणापासून लपलेलं नसतं, मॅडम. ही मुलं लपवून लपवूनच आजारी पडलेली असतात.’ त्यांनी स्वतः बाईंसाठी खुर्ची आणून मांडली.

पूर्वीच्या भोजनगृहात डझनभर खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बाहेर अजून उजेड होता. एक उंच मुलगा उठला, हात मागे बांधले आणि बोलू लागला.

‘मॅडमनी दार लावलं. पर्स मुठीला अडकवली. मॅडम म्हणाल्या, बस बाळ, घाबरू नकोस, हे आपल्या दोघांतच राहील. मॅडमनी विचारलं, जेवण कसं आहे? मी म्हटलं, चांगलं आहे. मॅडमनी विचारलं, झोप लागते का?’

त्याने बाईंची खाकरण्याची सवयसुद्धा गाळली नाही. चेष्टा म्हणून नव्हे. ती झाली होती म्हणून. सांगून झाल्यावर सर बाईंकडे वळले. ‘मॅडम, असंच झालं का?’ पोरीने सांगितलेली पद्धत हीच.

‘हो,’ बाई म्हणाल्या.

दुसरी उठली. मॅडमनी दार लावलं. पर्स अडकवली. हे आपल्या दोघींतच राहील. तिसरा उठला. हे आपल्या दोघांतच राहील. बाई खुर्चीचे हात धरून बसल्या होत्या. स्वतःचं एवढं चांगलं वाक्य त्यांना त्या गोलात तोंडातोंडांतून ऐकावं लागत होतं, आणि प्रत्येक वेळी शेवटी हो म्हणावं लागत होतं. त्यांना लाज वाटली. नुसती लाज, तिच्यावर काही पांघरूण घालता येईना.

भाचीची पाळी आली. ती उठली. बाईंनी तिच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, पण ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

‘मॅडमनी दार लावलं. पर्स अडकवली. मॅडम मला जवळ घ्यायला आल्या. मी म्हटलं, हात लावायला आधी विचारावं लागतं.’ एवढं झाल्यावर ती थांबली. तिचे ओठ हलले. तिने खरंच प्रयत्न केला, हे बाईंनी बघितलं. मानेची शीर ताठ झाली, तोंड उघडलं, मिटलं. चांगला पोहणारा माणूस पाण्यात पडल्यावर हात कसे मारायचे तेच विसरावा तसं झालं. मग ती बोलायला लागली आणि सगळं बोलली. मी म्हटलं, मावशी. मावशीने विचारलं, सगळेच सांगतात? मी म्हटलं, सगळेच. मौनाचं, महिनाभराचं, स्वतःशी बोलल्याचं, सगळं. आणि शेवटी, ‘मावशी म्हणाली, संध्याकाळी काहीतरी बनवून सांग. शेवटी मी हो म्हणेन. मी म्हटलं, मला जमतच नाही. मावशी म्हणाली, येईल.’

 सरांचे डोळे पाणावले होते. ‘ही मुलगी आली तेव्हा,’ ते सगळ्यांना म्हणाले, ‘एक वाक्य खरं बोलत नव्हती. आज स्वतःच्या मावशीविरुद्ध खरं बोलली.’ त्यांनी टाळ्या वाजवल्या, तशा मुलांनीही वाजवल्या. मग ते बाईंकडे वळले. ‘मॅडम, असंच झालं का?’

‘हो.’

‘तुम्ही तिला खोटं बोलायला सांगितलंत.’

‘हो.’

‘तुमचा अहवाल आता चालणार नाही.’ हे त्यांनी कुचकेपणाने म्हटलं नाही. उलट वाईट वाटल्यासारखं म्हटलं.

‘माहीत आहे.’

सर पोरीकडे वळले. ‘खरं सांगितलंस, त्याचा मला अभिमान आहे. पण सभेतलं बाहेर नेलंस, त्याचं मौन घ्यावं लागेल. थोड्या दिवसांचं.’ त्यांचं वाक्य संपायच्या आत गोलातल्या सगळ्या मुलांनी माना वळवल्या. कुणी जमिनीकडे, कुणी खिडकीकडे. सांगावं लागलं नाही. पोरगी मध्ये उभी होती आणि आता तिच्याकडे कुणीही बघत नव्हतं, दोन माणसं सोडून.

बाईंच्या मनाची घालमेल तिथेच संपली. सगळ्या मुलांसाठी जे करता आलं असतं ते हातचं गेलं होतं. तपासनीस म्हणून त्या खोलीत आता त्यांना कवडीची किंमत नव्हती. त्यांनी पर्समधून फोन काढला.

‘कुणाला करताय?’ सरांनी विचारलं.

‘हिच्या आईला. आईने सांगितलं तर तुम्हाला पोर सोडावी लागते.’

‘मी कुणालाच अडवत नाही, मॅडम. दार उघडंच असतं.’

थोरलीने फोन उचलला. मागे यंत्राची घरघर. ‘बोल गं धाकटे.’

‘ताई, मी केंद्रात आहे. थापाडीला घरी घेऊन येतेय. तू सरांना तसं सांग.’

घरघर थांबली. ‘का? काय केलं तिने?’

‘तिने काही केलं नाही. ही जागा चांगली नाही.’

‘हे बघ,’ थोरली म्हणाली, आणि तिचा आवाज पाठ केलेलं म्हणताना होतो तसा झाला, ‘ती असं म्हणेल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. ते तिचं जुनं…’

‘ताई, ती नाही म्हणत. मी म्हणतेय.’

‘तूच म्हणाली होतीस चांगली आहे. दार लावून विचारलंय म्हणालीस.’

‘म्हणाले होते. मला काहीच कळलं नव्हतं.’

  थोरली हळूच म्हणाली, ‘सुरुवातीला दर रविवारी रडायची. मला घेऊन जा म्हणायची. मी आपलं ते वाक्य म्हणायचे. आता कितीतरी रविवार झाले, ती काही मागतच नाही. मला वाटलं, सुधारली.’ ती थांबली. ‘मी सगळ्यांना सांगितलं गं, पोरगी सुधारली म्हणून.’

बाईंनी पोरीकडे बघितलं.

‘तिला दे फोन,’ थोरली म्हणाली.

पोरीने फोन दोन्ही हातांनी धरला. आई तिकडून काय म्हणाली ते सगळ्यांना ऐकू आलं, कारण थोरलीला फोनवर मोठ्याने बोलायची सवय होती. ‘यायचंय का तुला घरी?’

‘विचारून सांगते,’ पोरगी म्हणाली, आणि तिने सरांकडे बघितलं.

बाई उठल्या आणि त्या दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. ‘तुला विचारलंय तिने,’ त्या म्हणाल्या. ‘दुसऱ्या कुणाला नाही.’

बराच वेळ गेला. पलीकडून थोरली काही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिने लेकीला उत्तर द्यायला वेळ दिला असेल.  पोरीने फोन तोंडाजवळ नेला, दूर केला, परत नेला.

‘हो,’ ती म्हणाली.

मग सगळं सुरळीत पार पडलं. सर थोरलीशी दोन मिनिटं अदबीने बोलले. गृहमाता पोरीची पिशवी घेऊन आली. केंद्राचा दुसरा तपासनीस येईल, पण केव्हा, ते बाईंना चांगलं ठाऊक होतं: सहकाऱ्याची कंबर सुटल्यावर, साहेबांना सवड झाल्यावर. उद्या त्या साहेबांसमोर जाऊन सगळं सांगणार होत्या. साहेब ऐकून घेणार होते, मग विचारणार होते, ‘पण बाई, तुम्ही तिथे गेलातच कशा?’ आणि त्यापुढे बोलणं सगळं त्यावरच राहणार होतं.

सभा मात्र संपलेली नव्हती. दोघांची पाळी राहिली होती, आणि सरांनी पुढच्या मुलाला खूण केली. तो उठला. सगळ्यांत लहान, नुकताच आलेला, शर्टाची बाही बोटांपर्यंत. बाहेर जायचं दार गोलाच्या पलीकडे होतं. बाई पोरीचा हात धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. हात लावायच्या आधी त्यांनी तिला विचारलं होतं.

‘मॅडमनी दार लावलं,’ तो म्हणाला. ‘पर्स अडकवली. मॅडम म्हणाल्या, बस बाळ, घाबरू नकोस, हे आपल्या दोघांतच राहील.’

त्याने पुढचंही सगळं बिनचूक म्हटलं. तो खाली बसला. सरांनी सवयीने मान वळवली. ‘मॅडम, असंच झालं का?’

‘म्हणाले मी असंच,’ बाई त्या मुलाला म्हणाल्या. ‘पण ते खरं नव्हतं.’